नाव झाकलं तरी गाव ओळखतं: दवाखान्यात शिकणाऱ्यांनी आणि काम करणाऱ्यांनी सोशल मीडिया कसा वापरावा

बाळंतिणींच्या वॉर्डात त्या दिवशी सहा विद्यार्थिनींची पोस्टिंग संपत होती. "सिस्टर, आमचा एक फोटो काढा ना," म्हणाल्या. मीच काढला. नर्सिंग स्टेशनसमोर सगळ्या ओळीनं उभ्या होत्या. संध्याकाळी त्यातल्या एकीनं तो स्टेटसला ठेवला. त्यांच्या मागं भिंतीवर वॉर्डचा बोर्ड होता. बेड नंबर, नाव, गाव आणि एका नावापुढं लाल शाईतली खूण. ती खूण एचआयव्हीची आहे हे वॉर्डात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

फोटो दोन बोटांनी मोठा केला की सगळं वाचता येत होतं. त्या बाईंच्या नणंदेचा पुतण्या दुसऱ्या एका कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होता आणि त्या मुलीचा नंबर त्याच्याकडं होता. रात्री नऊच्या सुमारास गावाकडून वॉर्डात फोन आला. तिसऱ्या दिवशी टाके काढायच्या आधीच त्या बाई आईबरोबर माहेरी निघून गेल्या.

त्या मुलीचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. फ्रेममध्ये बोर्ड येतोय हे आम्हा सातजणींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही, कारण तसं बघायची सवय आम्हाला कुणी लावलेलीच नव्हती. ती सवय लागावी म्हणून हे लिहिते आहे. नर्सिंगच्या मुली, इंटर्न, रेसिडेंट, एक्सरे-लॅबचे टेक्निशियन, ब्रदर, मावशी-मामा, १०८ वरची मंडळी, पीएचसीतल्या एएनएम आणि आशाताई या सगळ्यांसाठी.

आधी आपला भाग समजून घ्या

सोशल मीडियाबद्दलचा नेहमीचा सल्ला असतो की पेशंटचं नाव काढा, चेहरा झाका, झालं. मुंबईसारख्या शहरात तेवढं कदाचित पुरत असेल. सांगली-मिरजेत पुरत नाही.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आज जत-आटपाडीपासून कर्नाटकातल्या अथणी-जमखंडीपर्यंतची माणसं रेल्वेनं, एसटीनं इथं उपचाराला येतात. माणूस एकटा येत नाही. बरोबर चुलता येतो, मेव्हणा येतो, गावचा एखादा कार्यकर्ता येतो. अमुक दिवशी अमक्याच्या सुनेला मिरजेला नेलं, हे गावाला आधीच माहीत असतं. गावकऱ्यांचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सोयरिकीचा ग्रुप असे सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. माहिती नसते ती फक्त एकच: नेमकं झालंय काय. आणि नेमकी तीच आपण स्टेटसला ठेवतो.

"जत तालुक्यातली बत्तीस वर्षांची बाई, काल रात्री कीटकनाशक पिऊन आली, वाचली" या वाक्यात नाव नाही. पण काल रात्री जत तालुक्यातून अशी एकच बाई आली असेल तर तिच्या वाडीतल्या प्रत्येकाला ती कोण ते कळलं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला मी एकच कसोटी लावते, तिला मी गावची कसोटी म्हणते: हे पेशंटच्या शेजारणीनं वाचलं तर ती ओळखेल का? ओळखण्याची शक्यता असेल तर टाकायचं नाही.

पहिली पायरी: स्वतःचा फोन साफ करा

पोस्ट काय करावी हे नंतर. आधी फोनमध्ये काय पडलंय ते बघा. एखाद्या रविवारी तासभर काढा आणि पुढची कामं याच क्रमानं करा.

गॅलरी उघडून गेल्या दोन वर्षांतले ईसीजी, एक्सरे, जखमांचे फोटो, केसपेपरचे फोटो शोधा. ज्यांचं काम संपलंय ते काढून टाका. मग 'अलीकडे डिलीट केलेले' हा फोल्डरही रिकामा करा, कारण फोटो तिथं काही आठवडे पडून राहतात.

नंतर गुगल फोटोजचं बॅकअप बघा. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचा फोल्डर आपोआप बॅकअपला जातो. तेच खातं घरच्या टॅबवर चालू असतं आणि मुलं त्या टॅबवर कार्टून बघतात. माझ्या एका सहकारी ब्रदरच्या सात वर्षांच्या मुलानं घरच्या टीव्हीवर गँगरीनचा पाय उघडला होता. फोल्डरनिहाय बॅकअप बंद करता येतं, व्हॉट्सॲपचं बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आलेले फोटो गॅलरीत दिसणंही बंद करा. किमान वॉर्डच्या ग्रुपपुरतं तरी कराच.

मग 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर प्रेझेंटेशन काढण्यासाठी कधीतरी व्हॉट्सॲप वेब लावलेलं असतं आणि ते तसंच चालू राहतं. तिथं बसणारा कुणीही तुमचे मेसेज वाचू शकतो, तुमच्या नावानं पाठवूही शकतो. अनोळखी दिसेल ते प्रत्येक उपकरण लॉगआउट करा.

शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, स्क्रीनलॉक लावा आणि लॉकस्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. राउंडला फोन टेबलावर उताणा पडलेला असतो आणि "बेड ११ चा रिपोर्ट पॉझिटिव्ह" हे शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाला सहज वाचता येतं.

दुसरी पायरी: कॅमेरा उचलण्याआधी चार कोपरे बघा

फोटोत मध्ये काय आहे ते सगळे बघतात. घोटाळा कोपऱ्यांत असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणं नजर फिरवा: बोर्ड, बेडहेड तिकीट, सलाइनच्या बाटलीवरचं लेबल, मॉनिटरवरचं नाव, टेबलावरचा केसपेपर, काचेतलं प्रतिबिंब, पलीकडच्या कॉटवरचा माणूस. व्हिडिओ असेल तर आवाजही. मागून कुणीतरी "अमक्याचे नातेवाईक कोण?" म्हणून हाक मारतच असतं.

वॉर्ड, ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबररूम, आयसीयू, कॅज्युअल्टी, मॉर्च्युरी इथं सेल्फी आणि रील नकोच. माझं हे मत कडक आहे हे मला कळतं. मुलं म्हणतात, पहिलं असिस्ट केलं, आठवण नको का? हवी. ओटीच्या बाहेर, कॉलेजच्या पायऱ्यांवर, हॉस्टेलच्या गच्चीवर काढा. आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस भोगणारं माणूस तुमच्या आनंदाच्या फोटोची पार्श्वभूमी होऊ नये.

शिकण्यासाठी किंवा सीनियरच्या सल्ल्यासाठी फोटो खरंच लागतो तेव्हा पुढची काळजी घ्या. जखमेचा फोटो फक्त जखमेचा काढा, भोवतीचा भाग हिरव्या टॉवेलनं झाका. गोंदण, मंगळसूत्राची घडण, जुने व्रण, जन्मखूण, बोटातली अंगठी यांवरून माणूस चेहऱ्याइतकाच ओळखू येतो. आमच्या भागात हातावर नाव गोंदवून घेतलेल्या आज्या अजून आहेत. चेहरा झाकून तो हात दाखवला तर झाकलं काय?

एक्सरे, सीटी आणि सोनोग्राफीच्या फिल्मवर नाव, वय आणि सेंटरचं नाव छापलेलं असतं. ते मोबाइलमधल्या मार्कर पेननं खोडू नका. बऱ्याच फोनमधली ती शाई अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं दिसतात. तो भाग कापूनच टाका, मग कापलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा. मूळ फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की ही माहिती गळून पडते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन कायमचं बंद ठेवलेलं बरं.

तिसरी पायरी: संमती मागायची कशी

दाखल होताना घेतलेल्या सहीत फोटोची संमती येत नाही. उपचाराची वेगळी, शिकवण्यासाठी फोटोची वेगळी आणि बाहेर प्रसिद्ध करण्याची वेगळी, अशा तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि पेशंट "हां, काढा की" म्हणाला म्हणजे संमती झाली असंही नाही. कॉटवर पडलेला माणूस पांढऱ्या ॲप्रनला नाही म्हणत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल. म्हणून पहिलं वाक्य नेहमी तेच असावं. मी मुलींना साधारण असं बोलायला शिकवते:

"काका, नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, हे आधी सांगते. तुमच्या पायाच्या जखमेचा फोटो आमच्या मुलांना शिकवायला वापरायचा आहे. चेहरा येणार नाही, नाव येणार नाही. फोटो कॉलेजच्या वर्गात दाखवू, मोबाइलवर कुणाला पाठवणार नाही. तुम्ही आत्ता हो म्हणालात आणि उद्या नको वाटलं तर मला सांगा, मी काढून टाकेन. तुमच्या मुलाशी बोलून मग सांगितलंत तरी चालेल."

मग लेखी घ्या, पेशंटच्या भाषेत. आपल्याकडं कानडी बोलणारे पेशंट खूप असतात. त्यांना मराठी फॉर्मवर अंगठा उठवायला लावणं म्हणजे संमती नव्हे, कानडी बोलणाऱ्या कुणाला तरी बोलवा. मूल असेल तर पालकाची संमती घ्या, आणि मूल कळतं असेल तर त्यालाही विचारा. पेशंट बेशुद्ध असेल तर शुद्धीवर येईपर्यंत थांबा. आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी मात्र, संमती मिळाली तरी, शिकणाऱ्यांनी पेशंटचे फोटो टाकूच नयेत. एकदा इंटरनेटवर गेलेला फोटो परत आणता येत नाही, त्यामुळं "नको वाटलं तर काढून टाकेन" हे वचन तिथं पाळता येत नाही.

चौथी पायरी: वॉर्डचा व्हॉट्सॲप ग्रुप

इथं मी जरा थांबून लिहिते, कारण खरं काम इथंच चालतं आणि खरी गळतीही इथूनच होते.

रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस येतो, इंटर्न ईसीजी काढून सरांना व्हॉट्सॲप करते, सर घरून सांगतात काय द्यायचं. यात जीव वाचतात. "व्हॉट्सॲप वापरूच नका" असं सांगणाऱ्यानं नाइट ड्यूटी केलेली नसते. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनीही अशा माध्यमांतून सल्लामसलत करायला जागा ठेवली आहे, आणि त्याच तत्त्वांत पेशंटचे फोटो, माहिती यांचा गैरवापर म्हणजे गैरवर्तन असंही म्हटलं आहे. तेव्हा वापरा, पण रीत ठेवून.

ग्रुपवर नाव टाकायचं नाही. "एफएमडब्ल्यू, बेड ७, रात्री २.१०" एवढं पुरतं (एफएमडब्ल्यू म्हणजे बायकांचा मेडिसिन वॉर्ड). ईसीजीच्या पट्टीवर नाव लिहिण्याआधी फोटो काढा, मग पट्टीवर नाव लिहून केसपेपरला लावा. पट्ट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून हे दोन्ही एकाच जागी उभं राहून करा. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, अत्याचाराची केस यांतलं काही असेल तर ग्रुपवर लिहू नका, थेट फोन करा.

सरांनी दिलेली ऑर्डर लगेच केसपेपरवर उतरवा, वेळ आणि नाव घालून. ग्रुप म्हणजे रेकॉर्ड नव्हे. एकदा ती कागदावर आली की ग्रुपला 'डिसअपिअरिंग मेसेजेस' सात दिवसांवर लावून ठेवता येतात.

पाठवण्याचं बटण दाबण्याआधी वरचं ग्रुपचं नाव मोठ्यानं वाचा. 'मेडिसिन युनिट २' आणि 'मामाकडचे' हे ग्रुप एकाखाली एक असतात आणि पहाटे चारला डोळे तारवटलेले असतात. चुकून गेलंच तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' दोन दिवसांहून थोडं जास्त वेळ चालतं, पण तोवर कुणी उतरवून घेतलं असेल तर ते काही जात नाही. 'व्ह्यू वन्स'चंही तसंच. त्याचा स्क्रीनशॉट अडतो, पण दुसऱ्या फोननं काढलेला फोटो अडत नाही.

आणि ग्रुप ॲडमिनसाठी: दर महिन्याच्या एक तारखेला यादी बघा. पोस्टिंग संपलेले इंटर्न, नोकरी सोडलेले कर्मचारी, औषध कंपनीचा प्रतिनिधी (हो, तोही सापडतो) यांना काढा. आमच्या एका जुन्या ग्रुपमध्ये दीड वर्षापूर्वी पास होऊन गेलेली अकरा मुलं रोज पेशंटचे रिपोर्ट बघत होती. त्यांनी काही केलं नाही, पण त्यांना ते दिसायला नको होतं.

कोरोनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांच्या याद्या नाव-पत्त्यासकट फोनवर फिरत होत्या. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातले बरेच जण बाधित निघाले, तेव्हा या जिल्ह्यानं संशयाची नजर काय करते ते जवळून पाहिलं. कामासाठी बनलेली यादी कामाच्या ग्रुपबाहेर पडते तेव्हा कुठल्या तरी एका बोटानं ती फॉरवर्ड केलेली असते. ते बोट आपलं नसावं.

पाचवी पायरी: कायदा काय म्हणतो ते एकदा वाचून ठेवा

डॉक्टरांना २००२ ची वर्तणूक नियमावली लागू आहे. तिच्यातल्या ७.१४ प्रमाणं पेशंटकडून कळलेली गुपितं फोडता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या कुणाला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढेच त्याला अपवाद. ७.१७ प्रमाणं ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापता येत नाही. ओळख पटणार नसेल तर तिथं संमतीची सक्ती नाही, आणि याच फटीतून लोक घसरतात, कारण ओळख पटते की नाही हे आपणच ठरवतो आणि आपल्याला गाव माहीत नसतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली होती, तिच्यात सोशल मीडियावर स्वतंत्र भाग होता. ती २३ ऑगस्टला स्थगित झाली. स्थगित असली तरी तिच्यातल्या गोष्टी शहाणपणाच्या आहेत: पेशंटचे फोटो आणि स्कॅन टाकू नका, उघड मंचावर उपचार सांगू नका, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका.

काही केसेसना तर हातच लावायचा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २३ नुसार पीडित मुलाचं नावच काय, पत्ता, शाळा, परिसर, कुटुंबाची माहिती यांतलं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा विश्वासानं सांगितलेली माहिती संमतीशिवाय उघड करू देत नाही. २०१७ चाच मानसिक आरोग्य कायदा उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांकडं देऊ देत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ५-अ त्या बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद सांगतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं आणि पसरवणं या दोन्हींसाठी आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सोनोग्राफीबद्दल या जिल्ह्यात वेगळं सांगायला हवं. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेली १९ भ्रूण सापडली. लिंगनिदान १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि शब्दानं, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही रीतीनं सांगणंही गुन्हाच. तेव्हा गरोदर मैत्रिणीच्या सोनोग्राफीच्या फोटोखाली गुलाबी-निळं हृदय टाकणं, "पेढे की बर्फी" लिहिणं हे गमतीतही करू नका.

सरकारी नोकरीत असाल तर १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम आहेतच. शिवाय जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं सोशल मीडियाच्या वापराबाबत शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवणं, गोपनीय कागद न टाकणं, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका न करणं हे त्यात आहे, आणि तो कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. खाजगीत असाल तर नेमणूकपत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळं संस्था आता अशा गोष्टी पोटात घालणार नाहीत.

सहावी पायरी: ओळखीपाळखीचे सल्ले

"ताई, आईचा रिपोर्ट पाठवलाय, जरा बघ की." हा मेसेज आपल्या सगळ्यांना येतो. नातं सांभाळून नकार देता येतो. मी असं लिहिते: "दादा, फोनवर बघून सांगितलं आणि चुकलं तर आईचं नुकसान होईल. आत्ता छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, रक्त जाणं यांतलं काही असेल तर लगेच १०८ ला फोन कर. नसेल तर उद्या जुने कागद घेऊन ओपीडीला ये, कुठल्या खोलीत जायचं ते मी सांगते." विद्यार्थ्यांनी यापुढं जाऊ नये. औषधाचं नाव आणि डोस तर मुळीच नाही.

पेशंटची फ्रेंड रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका. राग येईल असं वाटत असेल तर पुढच्या भेटीत तोंडानं सांगा की दवाखान्याचा नियम आहे. आणि आपण होऊन पेशंटचं प्रोफाइल शोधून बघणंही तितकंच चुकीचं आहे, ते कुणाला कळत नसलं तरी.

सातवी पायरी: मग टाकायचं तरी काय?

भरपूर टाका. इतकं सगळं वाचून कुणी गप्प बसलं तर मला वाईट वाटेल. गावाला तुमच्या शब्दाची गरज आहे, कारण तुम्ही गप्प राहिलात की ती जागा काढ्याचे आणि मंत्राचे व्हिडिओ घेतात.

सर्पदंशाचं बघा. शिराळ्याच्या नागपंचमीमुळं सापांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक, पण साप चावल्यावर काय करायचं ते ठाऊक नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बऱ्याचदा दंशाची खूणही नीट दिसत नाही. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका, अंगठी-बांगड्या काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका, प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. एवढं एका मिनिटाच्या व्हिडिओत बसतं, त्यात कुठलाही पेशंट लागत नाही आणि ते पेरणीच्या आधी टाकलं तर उपयोगी पडतं. तसंच पूर ओसरल्यावर पाणी उकळून पिणं, पायाला जखम असताना चिखलात न उतरणं, ताप आला तर पीएचसीत जाऊन दाखवणं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीला हे सांगायला परकं माणूस कशाला हवं?

टाकण्याआधी तीन गोष्टी करा. तारीख घाला, कारण जुनी पोस्ट तीन वर्षांनी पुन्हा फिरते. माहिती तुमच्या विभागातल्या एका वरिष्ठाला दाखवा. आणि तुम्ही कोण आहात ते खरं लिहा: इंटर्न असाल तर इंटर्न, विद्यार्थिनी असाल तर विद्यार्थिनी. नावामागं 'डॉ.' लावायची घाई नको.

"शुगर मुळापासून बरी", "कॅन्सरवर खात्रीचा उपाय" असल्या जाहिराती शेअरही करू नका. १९५४ च्या चमत्कारी औषधांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत. बऱ्या झालेल्या पेशंटला हार घालून "आमच्या सरांचे आभार" म्हणायला लावणारे व्हिडिओही मला पटत नाहीत. तो माणूस तिथं मोकळेपणानं उभा असतो असं मला कधी वाटलं नाही.

आठवी पायरी: राग आलेला असताना

सोळा तास ड्यूटी झाली, सलाइनचा स्टँड नाही, नातेवाइकानं शिवी दिली. लिहावंसं वाटणारच. लिहा, पण वहीत. बारा तासांनी वाचा. तक्रार खरी असेल तर इन्चार्जकडं, मेट्रनकडं, अधीक्षकांकडं लेखी द्या आणि पोच घ्या. पेशंटची थट्टा मात्र कुठंच नको, बंद ग्रुपवरसुद्धा. "आज एक नमुना आला" अशी सुरुवात झाली की वॉर्डातला आपला हात त्याच दिवसापासून रुक्ष होतो, हे मी बघितलं आहे.

नातेवाईक तुमचं शूटिंग करू लागले तर फोन हिसकावू नका. "बाकीच्या पेशंटचे चेहरे येतायत, कृपया बंद करा, आपण बाजूला बसून बोलू," असं शांतपणे म्हणा आणि सिक्युरिटीला, वरिष्ठांना बोलवा. तुमचाच व्हिडिओ व्हायरल झाला तर कमेंटमध्ये खुलासा करायला जाऊ नका. खुलासा करताना पेशंटची माहिती सांगितली जाते, आणि मग चूक तुमची ठरते.

शेवटची पायरी: चूक झालीच तर

पहिल्या दहा मिनिटांत पोस्ट काढा. पण काढण्याआधी तिचा आणि ती कुणी कुणी पाहिली त्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. लपवण्यासाठी नव्हे, नेमकं काय आणि कुठवर गेलं हे सांगता यावं म्हणून. ज्यांनी पाहिलंय त्यांना एकेकट्याला फोन करून काढायला सांगा. ग्रुपवर "कृपया तो फोटो डिलीट करा" टाकलं की न पाहिलेलेही शोधायला लागतात.

त्याच दिवशी इन्चार्जला सांगा. इन्चार्ज असाल तर ओरडण्याआधी सगळं ऐकून घ्या, नाहीतर पुढची मुलगी तुम्हाला सांगणार नाही. घडलेलं कागदावर उतरवा: वेळ, काय टाकलं, कुणी पाहिलं, काय केलं.

आणि पेशंटला सांगा. वरिष्ठांना बरोबर घेऊन, वॉर्डात कॉटपाशी नव्हे, वेगळ्या खोलीत, खुर्चीवर बसून, नातेवाइकांना बाहेर ठेवून. काय झालं, किती जणांनी पाहिलं, आता आपण काय करतोय आणि तक्रार करायची असेल तर कुणाकडं करायची, हेही.

त्या रात्री फोन येऊन गेल्यावर आम्ही तिघी नर्सिंग स्टेशनमध्ये बसलो आणि ठरवलं की त्या बाईंना काही बोलायचं नाही, दोन दिवसांत आपोआप निवेल. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू भेटीच्या वेळेत आली आणि बाळाला न घेता दारातच उभी राहिली. त्या बाईंना तेव्हा कळलं, तेही सासूच्या तोंडून. मी चार हात अंतरावर औषधाचा ट्रे घेऊन उभी होते.

आता आमच्या वॉर्डात बोर्ड आतल्या खोलीत आहे. त्यावर फक्त बेड नंबर असतात, लाल शाईची खूण बंद केली आहे. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी मुली फोटो मागतात, तेव्हा मी त्यांना खाली बागेत नेते.